खालच्या टाकीतले कामगार

"झालंच. आता एवढंच राहिलंय."

हे म्हणताना त्यांचा उजवा तळहात कशावर तरी टेकलेला असायचा. बहुतेक वेळा पाइपवर. पाइप नसला तर फ्रिजच्या पाठीवर, कूलरच्या पत्र्यावर, आमच्या जिन्यातल्या पाण्याच्या मोटरवर. वैद्य नाडी बघतो तसं डोळे अर्धे मिटून ते आतली थरथर बघायचे आणि मग निकाल द्यायचे. काम कितीही उरलेलं असो, त्यांच्या हिशेबी नेहमी एवढंच राहिलेलं असायचं.

माझी त्यांची ओळख छतातून झाली. यमुनेपलीकडे नोएडात नव्यानं उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत आम्ही राहायला गेलो होतो. चार मजली इमारती, लिफ्ट नाही, झाडं गुडघ्याएवढी, आणि वीज मनात येईल तेव्हा येणारी. माझी नोकरी कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात. दिवसभर गावाकडून आलेल्या पाहुण्यांच्या खोल्या, चहा आणि तक्रारी सांभाळायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन पाय पसरायचे, एवढाच माझा संसार. एके दिवशी असाच पाय पसरून बसलो असताना कपाळावर थेंब पडला. वर पाहिलं तर छताला ओल धरलेली आणि दुसरा थेंब तयार.

तावातावानं जिना चढलो. दार उघडलं ते गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेल्या, हातात पिळलेलं फडकं घेतलेल्या एका गृहस्थांनी. मी काही बोलायच्या आत ते शुद्ध मराठीत म्हणाले, "या या, तुमच्याकडेच निघालो होतो. काळजी करू नका, पाणी स्वच्छ आहे. फिल्टरचं आहे."

दिल्लीच्या बाजूला मराठी माणूस भेटला की अर्धा राग तिथेच मावळतो. उरलेला अर्धा समोरचं दृश्य बघून गेला. हॉलच्या एका भिंतीला लागून, सोफा ठेवायची ती सगळी जागा अडवून, एक अवाढव्य काचेची टाकी उभी होती. तिच्यात एकच मासा. हातभर लांब, काळा, अंगावर विटकरी रंगाचे पट्टे, आणि चेहरा असा की आपण परवानगीशिवाय केबिनमध्ये शिरलो आहोत.

"हे आमचे जीएम," ते म्हणाले.

जीएम म्हणजे जनरल मॅनेजर. आता ही हकिगत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हे गृहस्थ टीव्ही बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी नाशकाहून आले ते इथलेच झाले. ज्या काळात घरात टीव्ही आला की पेढे वाटायचे, त्या काळात त्यांच्या हाताखालच्या लाइनवरून ते डबे बाहेर पडत. मग बाजार उघडला, परदेशी कंपन्यांचे सपाट, चकचकीत टीव्ही आले, आणि ह्यांचा कारखाना आधी एका पाळीवर आला, मग बंदच झाला. शेवटच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून काय काय नेलं. कोणी खुर्ची नेली, कोणी भिंतीवरचं घड्याळ. ह्यांनी रिसेप्शनमधली माशांची टाकी मागितली, आतल्या माशासकट. मासा ऑस्कर जातीचा. कारखान्यातल्या लोकांनी त्याचं नाव जीएम ठेवलेलं, कारण तोही काचेआडून सगळ्यांकडे तसाच बघायचा आणि काहीच बोलायचा नाही.

"दुसऱ्या दिवशीपासून त्याला खायला कोण घालणार होतं?" ते मला म्हणाले. "वॉचमन राहणार होता, पण त्याला फक्त गेटचं काम."

टेम्पोच्या मागे निळं पिंप, पिंपात मासा आणि पिंपाला मिठी मारून बसलेले हे, अशी ती वरात सोसायटीत आली. तेव्हापासून सोसायटीत त्यांना सगळे 'मछलीवाले साहब' म्हणत.

नोकरी गेलेल्या माणसाला घरात बसायला फार जड जातं, हे तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. वहिनी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. सकाळी डबा घेऊन त्या बस पकडायच्या आणि हे दारात उभे राहून हात हलवायचे. पुढचा सबंध दिवस समोर रिकामा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं मी मनात म्हटलंही. पण त्यांचं काम रिकामपणाचं नव्हतं, ते मला हळूहळू कळलं.

एवढा मोठा मासा खातो भरपूर आणि पाणी त्याच मापानं घाण करतो. पाणी वरचेवर बदलावं, तर आमच्याकडे पाणी येणार सकाळी घटकाभर, तेही वीज असली तर. प्यायच्या पाण्याची मारामार तिथे माशाची आंघोळ कोण बघतो? म्हणून त्यांनी ठरवलं, आहे तेच पाणी पुन्हा पुन्हा धुऊन वापरायचं. बाजारातला फिल्टर एवढ्या टाकीला पुरणारा नव्हता. तेव्हा घरीच बनवायचा.

रचना साधी होती. मोठ्या टाकीच्या खाली, लाकडी कपाटात, काचेची आणखी एक टाकी. वरचं घाण पाणी पाइपानं खाली पडायचं, खालच्या टाकीतल्या कप्प्यांमधून गाळत गाळत पुढे सरकायचं, आणि शेवटच्या कप्प्यात बसवलेला पंप ते परत वर ढकलायचा. कागदावर हे एका दुपारचं काम होतं. प्रत्यक्षात सगळा उन्हाळा गेला.

पहिल्या कप्प्यात कचरा अडकायला रजईत भरतात तो पांढरा कापूस हवा होता, नायलॉनसारखा, पाण्यात न कुजणारा. तो आणायला हे बसनं पानिपतला गेले आणि भलंमोठं गाठोडं पाठीला मारून संध्याकाळी परत आले. मी जिन्यातच गाठलं. म्हटलं, "पानिपतावर जाऊन काहीतरी घेऊन परत आलेला मराठी माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

"अहो, स्वस्तही मिळालं," ते म्हणाले. विनोद त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, डोक्यात कप्पा होता.

दुसऱ्या कप्प्यात वहिनींच्या भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या गेल्या, एकूण एक. तिसऱ्या कप्प्यात भाजलेल्या मातीचे तुकडे हवे होते. त्यासाठी हे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहायला लागले. लोक चहा पिऊन मातीचे कुल्हड टाकायचे, हे पिशवीत भरायचे. वहिनींच्या शाळेतल्या एका बाईंनी नेमकं ते बघितलं. वहिनी घरी येऊन तडक गॅसपाशी गेल्या, तर तिथे त्यांच्या कुकरमध्ये कुल्हडांचे तुकडे शिजत होते.

"जंतू मरायला उकळतोय," हे म्हणाले.

"मग त्यात परत जंतूच वाढवणार ना तुम्ही?"

"हे वाईट. ते चांगले."

त्या आठवड्यात त्यांच्याकडच्या वरणाला ओल्या मातीचा वास यायचा, असं वहिनी नंतर हसत हसत सांगायच्या. तेव्हा हसल्या नसाव्यात.

चांगले जंतू ही भानगड त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावली. माशाच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. मातीच्या तुकड्यांच्या छिद्राछिद्रांत एक प्रकारचे जंतू राहतात, ते हे विष खाऊन टाकतात. कापूस आणि घासण्या हा नुसता केर काढायचा खटाटोप, खरं काम ह्या न दिसणाऱ्यांचं. त्यांना ते 'कामगार' म्हणायचे.

"खाली कामगार भरती चालू आहे," रोज बातमी मिळायची. "अजून पाळी पूर्ण भरली नाही. हे काय पी हळद अन् हो गोरी नसतं. वेळ लागतो."

"पगार काय देता?" मी विचारायचो.

"हवा आणि वाहतं पाणी. बाकी काही मागत नाहीत बिचारे. पण ते मात्र अखंड लागतं."

आणि अखंड असं नोएडात काहीच नव्हतं. माझ्या कपाळावर पडलेला थेंब तिथूनच आला होता. वीज गेली की पंप थांबायचा, आणि वर चढवलेलं पाणी त्याच पाइपानं उलटं खाली यायचं. खालची टाकी भरून वाहायची, पाणी फरशीवर, आणि फरशीखाली मी. कारखान्यात असं कधी झालं नव्हतं. तिथे वीज गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत जनरेटर सुरू व्हायचा. उभी हयात त्या भरवशावर काढलेल्या माणसाला घरच्या विजेचा लहरीपणा हिशेबात धरायचं सुचलंच नाही.

मग त्यांनी पाइपाला पाण्याच्या पातळीपाशी एक बारीकसं भोक पाडलं. वीज गेली, पाणी उलटं वाहायला लागलं, की पातळी जराशी उतरताच भोकातून हवा आत शिरायची, सुर्र असा आवाज व्हायचा आणि धार तुटायची. एवढ्याशा भोकानं माझं छत वाचलं. शेवाळ धरून ते बुजू नये म्हणून दर रविवारी वहिनींचा केसांचा आकडा घेऊन ते भोक साफ करायचे.

सोसायटीचा जनरेटर होता, पण त्यावर प्रत्येक घराला एकच दिवा आणि एकच पंखा मिळायचा. ह्यांनी पंख्याची जोडणी काढून पंपाला दिली. ऐन मे महिन्यात वीज गेली की वर मासा वाहत्या पाण्यात मजेत, आणि नवरा-बायको त्याच्यासमोर वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. "माशाला कूलर, माणसाला पेपर," वहिनी म्हणायच्या. पण खरं सांगतो, त्याही तिथेच बसायच्या. शाळेतून दमून आल्या की पर्स न ठेवता आधी काचेपाशी जायच्या, आणि तो काळा धटिंगण शेपूट हलवत त्यांच्या बोटासमोर यायचा. घरात दोघांशिवाय कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं म्हणून मासा लाडका होता, असं सोपं मी म्हणणार नाही. पण त्या घरात त्याची वाट बघणं आणि त्यानं वाट बघणं, दोन्ही खरं होतं.

सगळं जमल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. वहिनींना मेन स्विच बंद करायला लावला. सुर्र झालं, धार तुटली, खालची टाकी काठोकाठ भरून थांबली, एक थेंब सांडला नाही. मेन स्विच चालू केला. पंप आपणहून गुणगुणायला लागला. पंपाच्या भिंतीतल्या बटणाचीही भानगड त्यांनी काढून टाकली होती, कामवाली फडकं मारताना चुकून बंद करेल म्हणून. पिन खोचली की वीज थेट पंपाला.

"बघा," तळहात पाइपवर ठेवून ते म्हणाले, "कोणी हात लावायला नको. माणसाची गरजच ठेवली नाही."

"म्हणजे तुमचीही नाही?"

"बिल्कुल नाही," ते म्हणाले आणि खूष होऊन हसले.

त्याच सुमारास त्यांना नोकरी लागली. गुडगावात नवे मॉल उभे राहत होते, त्यातल्या एकात सरकते जिने आणि एअर कंडिशनिंग सांभाळायचं. दिल्लीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जायचं, अंधारात निघायचं आणि अंधारात यायचं. छातीवर नावाची पट्टी, आणि मुलाच्या वयाचा साहेब त्यांना एकेरी नावानं हाक मारणार. तरी माणूस पुन्हा ताठ चालायला लागला. फिल्टर स्वतःचं स्वतः बघत होता, हे निर्धास्त होते.

मग एके दिवशी पहाटे आंधी आली. दिल्लीची आंधी म्हणजे वाळूचा पडदाच. कुठेतरी खांब पडले, वीज गेली. जनरेटर थोडा वेळ चालला आणि धूर सोडून बंद पडला. ते गुडगावला पोचलेले, वहिनी शाळेत. मी पाळी बदलून घरी होतो. दुपारपर्यंत आम्ही सगळे ओल्या टॉवेलांत गुंडाळून बसलो. मग एकदम पंखा फिरला, सोसायटीभर पोरांनी ओरडा केला, आणि माझ्या डोक्यावर, छतापलीकडे, पाण्याचा तो ओळखीचा आवाज सुरू झाला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, जीएम साहेबांची सोय झाली. आणि मी गाढ झोपलो.

संध्याकाळी वर धावणारी पावलं ऐकू आली. मग दाराची बेल. ते उभे, छातीवर अजून मॉलची पट्टी.

"घरात साठवलेलं पाणी किती आहे?"

बादल्या घेऊन वर गेलो. दारातच सडक्या अंड्याचा वास आला. पाणी दुधाळ झालं होतं आणि मासा पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करत होता.

"खालचे गेले," ते म्हणाले. "पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी वाहिलं नाही, हवा नाही. गुदमरून मेले, सडले. मग लाइट आली आणि पंपानं ते सगळं आपोआप वर पाठवलं." 'आपोआप' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. "एवढा वेळ लाइट गेली तर आधी खालचं पाणी फेकायचं असतं, मग पंप. मला माहीत होतं. पण ते करायला घरात माणूस लागतो."

पंपाची पिन वहिनींनी आल्या आल्याच उपटली होती. आता ताजं पाणी हवं होतं, भरपूर, आणि सकाळी वीज नसल्यामुळे गच्चीवरची टाकी कोरडी होती. नळ सोडला तर नुसती हवा यायची. माझ्या बादल्या संपल्या. वहिनींनी स्वयंपाकघरातली पातेली, हंडा, माठ रिकामा केला. जिन्यात बातमी पसरली. समोरच्या भाटियाबाईंचं आमच्याशी पाण्यावरूनच भांडण होतं. त्या दोन्ही हातांत बाटल्या घेऊन आल्या. "लो जी, पीने का है. सुबह की सुबह देखेंगे." कोणी बादलीभर आणलं, कोणी कळशीभर. उद्याच्या आंघोळीचं, उद्याच्या चहाचं पाणी लोक ओतत होते. तेवढ्या मोठ्या टाकीत ते कुठे दिसतही नव्हतं.

मासा कलायला लागला तसे ते बाही न दुमडताच स्टुलावर चढले आणि दोन्ही हात पाण्यात घातले. त्याला पोटाखालून धरून हळूहळू पुढे न्यायचे, मागे आणायचे, पुन्हा पुढे. कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. बाळाला पाण्यात धरतात तसं. आम्ही सगळे रिकाम्या बादल्या घेऊन उभे. इतकी माणसं, इतके शिकलेले, आणि कोणाला काही करता येत नव्हतं. पुढे, मागे. पुढे, मागे. मासा हलायचा थांबल्यावरही ते नेत-आणत राहिले.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आता हात बाहेर काढा."

"झालंच," ते म्हणाले. "आता..." पुढचं त्यांनी म्हटलं नाही.

सोसायटीच्या कुंपणाशी, त्या गुडघ्याएवढ्या झाडांपैकी एकाखाली जीएमना पुरलं.

मला वाटलं, टाकी आता जाईल. पण पुढच्या रविवारी माझ्या छतापलीकडे पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. वर गेलो तर टाकी स्वच्छ, पाणी नितळ, मासा नाही. ते चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकत होते.

"नवीन मासा आणताय?"

"नाही."

"मग हे कोणासाठी?"

"खाली परत यायला लागलेत," ते म्हणाले. "त्यांना नको का काही?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. कारखाना बंद झाला त्या दिवशी लाइनचं मुख्य बटण ह्यांनाच दाबायला लावलं होतं, सगळ्यांत जुने म्हणून. लाइनवरची माणसं आपापल्या जागी उभी. पट्टा थांबला आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "तेव्हापासून घरातला मिक्सरसुद्धा मलाच बंद करायला सांगतात," वहिनी म्हणाल्या. "चालू मात्र स्वतः करतात."

 वरचं पाणी वाहत राहिलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. वीज गेली की वहिनी घरी असल्या तर त्या, नसल्या तर मी, किल्ली घेऊन जायचो आणि मगानं खालच्या टाकीतलं पाणी वर उचलून परत ओतत बसायचो. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा मंडळींसाठी मी, सरकारी नोकर, घाम गाळत होतो. पण जायचो.

रोजच्या प्रवासानं त्यांची पाठ गेली. शेवटी गुडगावात मॉलजवळ भाड्याचं घर घेतलं. तिथे एवढी टाकी ठेवायला जागा नव्हती. एक दुकानदार काच न्यायला तयार झाला. निघायच्या दिवशी सकाळी मी वर गेलो. खोके बांधलेले, भिंती उघड्या, आणि रिकाम्या घरात पंपाची गुणगुण नेहमीपेक्षा मोठी वाटत होती. दुकानदाराची माणसं टेम्पो घेऊन खाली आली होती. वहिनी त्यांना थांबवायला गेल्या होत्या.

"भरलं का सगळं?" मी विचारलं.

"झालंच. आता एवढंच राहिलंय."

त्यांचा तळहात पाइपवर होता. मी वाट बघितली. ते हलेनात.

"तुम्ही काढा पिन," ते म्हणाले. "मी एकदा बंद केलंय."

मी गुडघ्यांवर बसलो, कपाटामागे हात घातला, चाचपडत पिन शोधली आणि ओढली. पंप थांबला. वरचं पाणी पाइपातून थोडं उलटं आलं, मग त्या बारीक भोकातून सुर्र आवाज झाला आणि धार तुटली. फरशीवर एक थेंब सांडला नाही.

"भोक चांगलं चालतंय अजून," ते म्हणाले.

खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. मी उठून उभा राहिलो, हात झटकले. त्यांचा तळहात पाइपवर तसाच होता.